खोबरेल तेल, चरबीचं ज्वलन आणि आतड्यातले जिवाणू: पत्रकात नेमकं काय लिहावं?

पत्रकवाली_कुडाळ

मधुमेह आणि वजन या दोन्हींसाठी येणाऱ्या गटाकरता दोन पानी पत्रक करायचं आहे. भाग सिंधुदुर्गाचा, त्यामुळे नारळ रोजच्या जेवणात आहेच. सध्या गटात "सकाळी उपाशीपोटी दोन मोठे चमचे खोबरेल" हा प्रकार जोरात आहे. फिरणारे दावे असे:

१. खोबरेल म्हणजेच एमसीटी (मध्यम साखळीची चरबी). ते थेट यकृतात जाऊन जळतं, अंगावर चढत नाही.
२. त्यातलं लॉरिक आम्ल आतड्यातले वाईट जंतू मारतं आणि चांगल्यांना हात लावत नाही.
३. खोबरेलातून "शॉर्ट चेन" (लहान साखळीची) आम्लं मिळतात आणि आतड्याच्या अस्तराला तीच हवी असतात.
४. कोलेस्टेरॉल वाढलं तरी चांगलंच वाढतं.

"खोबरेल बंद करा" असं मला लिहायचं नाही. लोक ऐकणार नाहीत, आणि ते बरोबरही नाही. यात खरं किती, आणि घरात समजेल असं माप काय द्यावं? आकड्यांसकट सांगितलंत तर उपकार होतील.

---

स्निग्धरसायन

पहिल्यापासून सुरू करतो, कारण बाकीचे दावे त्याच्याच खांद्यावर बसलेत.

खोबरेलातल्या मेदाम्लांची (चरबी ज्यांची बनते त्या आम्लांची) ढोबळ वाटणी अशी: लॉरिक (१२ कार्बन) ४५ ते ५३ टक्के, मिरिस्टिक (१४ कार्बन) १६ ते २१, पामिटिक ७.५ ते १०, ओलेइक ५ ते १०, लिनोलेइक १ ते २.५. आणि ज्यांच्या जिवावर एमसीटीची कीर्ती उभी आहे ती कॅप्रिलिक (८ कार्बन) आणि कॅप्रिक (१० कार्बन) दोन्ही मिळून १५ टक्क्यांच्या आतबाहेर.

आता वाट कोणाची कुठली ते बघा. ८ आणि १० कार्बनची आम्लं आतड्यातून थेट पोर्टल शिरेत उतरतात, यकृतात पोचतात आणि कार्निटिनच्या (लांब साखळीच्या आम्लांना आत नेणाऱ्या रेणूच्या) नावेत न बसताच बऱ्याच अंशी मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या भट्टीत, शिरतात. म्हणून ती लवकर जळतात, त्यांतून कीटोन बनतात, साठतात कमी. लॉरिकचा मोठा हिस्सा मात्र लांब साखळीच्या चरबीसारखा पुन्हा ट्रायग्लिसराइडमध्ये (तीन मेदाम्लं जोडलेल्या चरबीच्या रेणूत) बांधला जातो आणि कायलोमायक्रॉन नावाच्या चरबीच्या थेंबांत बसून लसिकेच्या (लिम्फच्या) वाटेने रक्तात येतो. रसायनाच्या पुस्तकात लॉरिकला "मध्यम साखळी"त घालतात ते कार्बन मोजून. आतडं कार्बन मोजत नाही. सगळा गोंधळ या एका शब्दातून निघालाय.

मग ते प्रयोग? १९९६ च्या एका प्रयोगात दिवसाला १५ ते ३० ग्रॅम एमसीटी दिल्यावर पुरुषांचा २४ तासांचा ऊर्जाव्यय सुमारे ५ टक्क्यांनी वाढला होता. खरंच वाढला होता, पण तेल शुद्ध ८-१० कार्बनचं होतं. तेवढेच १५ ग्रॅम खोबरेलातून काढायचे तर साधारण ११० ग्रॅम खोबरेल प्यावं लागेल, म्हणजे हजाराच्या आसपास कॅलरी. ५ टक्के जाळायला निम्म्या दिवसाचं जेवण ओतायचं! हा हिशेब पत्रकात चौकटीत टाका, लोकांना पटकन कळतो.

शुद्ध एमसीटीचं फळ तरी किती? २०१५ मध्ये १३ प्रयोग एकत्र करून पाहिलं, तर दुसऱ्या चरबीच्या जागी एमसीटी दिल्यावर वजनात सरासरी अर्ध्या किलोचा फरक. कंबर दीड सेंटिमीटरने कमी. बस.

दोन मोठे चमचे म्हणजे २७-२८ ग्रॅम, जवळपास २४० कॅलरी. हे तेल दुसऱ्या तेलाच्या *जागी* आलं तर हिशेब शून्य-शून्य. वरून आलं तर महिन्याला ७,२०० कॅलरी जादा. गटातली मंडळी ते वरूनच घेत असणार, कारण "उपाशीपोटी" या शब्दाचा अर्थच तो.

---

घाणा_ते_बाटली

रसायन वर आलंच आहे, मी बाटलीबद्दल लिहितो. पत्रकात "खोबरेल" एवढंच लिहिलंत तर अर्धे लोक डोक्याचं तेल पितील.

डोक्याला लावायच्या कित्येक तेलांत सुगंध आणि खनिज तेल असतं. खाण्याच्या बाटलीवर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि "खाद्यतेल" हा शब्द असतो. दोन्ही नसतील तर ती बाटली स्वयंपाकघरात नको. फ्रीजमध्ये ठेवून बघायची घरगुती परीक्षा अर्धीच खरी आहे. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं आणि खनिज तेल वर पातळ राहतं, हे बरोबर. पण पाम कर्नेल तेलही तसंच गोठतं, त्यामुळे ती भेसळ या परीक्षेतून सुटते.

प्रकार तीन. सुक्या खोबऱ्याचं घाण्याचं, ओल्या नारळाच्या रसापासून काढलेलं (बाजारात "व्हर्जिन"), आणि रिफाइंड. मेदाम्लांची वाटणी तिघांत जवळजवळ सारखीच, म्हणजे वरचा सगळा हिशेब तिघांनाही लागू. व्हर्जिनमध्ये पॉलिफिनॉल थोडी जास्त, वास जास्त, किंमत तर विचारूच नका. चरबी म्हणून फरक नाही. घाण्याच्या तेलात बघायचं ते खोबरं. सुकवून ओलावा ६ टक्क्यांच्या आसपास आणलेला असावा. पावसाळ्यात ओलसर राहिलेल्या वाटीवर पिवळट-हिरवी बुरशी चढते आणि तिच्यातून ॲफ्लाटॉक्सिन येतं. घाण्यावर तेल काढून घेणाऱ्यांनी वाटी मोडून बघावी. सुकी वाटी टचकन तुटते, ओलसर वाटी वाकते.

खवट होण्याची तऱ्हाही वेगळी. शेंगदाण्याचं तेल हवेनं खवट होतं. खोबरेलाला हवा फारशी लागत नाही, त्याचा शत्रू पाणी. ओला चमचा बाटलीत गेला की लॉरिक आम्ल सुटं होतं आणि तेलाला साबणाची चव येते. साबण लॉरिकचाच बनतो, त्यामुळे जीभ खोटं बोलत नाही. असं तेल घशाला खरखरतं, ते टाकून द्यायचं.

आणखी एक. तळणीत खोबरेल आणि दुसरं तेल मिसळू नका, कढईत फेस चढतो आणि उतू जातं. व्हर्जिन १७५ अंशांच्या पुढे धुरायला लागतं, म्हणून ते फोडणीला, वरून सोडायला. तळायचंच असेल तर रिफाइंड.

---

आतडेशास्त्र

पत्रकवालीताई, दुसरा आणि तिसरा दावा माझ्या वाटणीचे.

तिसरा आधी संपवतो, तो सरळ चूक आहे. आतड्याच्या अस्तराला जी लहान साखळीची आम्लं लागतात ती २ ते ४ कार्बनची: ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट. खोबरेलातली आम्लं ८ कार्बनांपासून पुढे सुरू होतात, त्याहून लहान म्हणजे नावापुरतं. ब्युटिरेट बनवतात ते मोठ्या आतड्यातले फीकॅलिबॅक्टेरियम, रोजबुरिया यांसारखे जिवाणू, आणि कच्चा माल म्हणून त्यांना तंतू लागतो. तेलात तंतू शून्य. साजूक तुपात तीन-चार टक्के ब्युटिरिक असतं, पण तेही वरच शोषलं जातं, मोठ्या आतड्यापर्यंत पोचत नाही.

दुसरा दावा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो जास्त फसवतो. लॉरिक आम्ल आणि त्यापासून बनणारं मोनोलॉरिन जिवाणू मारतात हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे. जिवाणूंचे भिंतीवरून दोन गट पडतात, ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह. ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंच्या पटलात ती घुसतात आणि ते फोडतात. ग्रॅम-निगेटिव्हवर बाहेरून लिपोपॉलिसॅकराइडचा थर असतो, तिथे त्यांचा जोर फारसा चालत नाही. आता "वाईट मारतं, चांगले ठेवतं" याला या यादीशी ताडून पाहा. लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम, दोघेही ग्रॅम-पॉझिटिव्ह. ई. कोलाय ग्रॅम-निगेटिव्ह. मेदाम्लाला जिवाणूचं चारित्र्य कळत नाही, भिंत कळते.

त्यातही बशीत जे घडतं ते पोटात घडायला आधी तेल तिथवर पोचायला हवं. खोबरेलातलं लॉरिक ट्रायग्लिसराइडमध्ये बांधलेलं असतं. जठरातल्या आणि स्वादुपिंडातल्या लायपेजने (चरबी फोडणाऱ्या विकराने) ते सुटं होतं, आणि सुटं होताच लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषलं जातं. निरोगी माणसाने दिवसाला १०० ग्रॅम चरबी खाल्ली तर विष्ठेतून ७ ग्रॅमपेक्षा कमी बाहेर पडते. त्या हिशेबाने १४ ग्रॅमच्या एका चमच्यातलं फार तर एक ग्रॅम मोठ्या आतड्यात उतरणार, आणि जिवाणूंची खरी वस्ती तर तिथेच.

मग तेलाचा जिवाणूंवर परिणामच नाही का? होतो, पण आडवाटेने, पित्तातून. चरबी आली की पित्ताशय आकसतं, पित्तक्षार सुटतात. त्यातले ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटी परत शोषले जातात, उरलेले पुढे जातात आणि कोणता जिवाणू तगेल ते बऱ्याच अंशी ठरवतात. २०१२ मध्ये उंदरांत दिसलं की दुधातल्या संपृक्त चरबीमुळे पित्तक्षारांचा टॉरिनशी जोडलेला प्रकार वाढतो आणि त्यावर पोसणारा बिलोफिला नावाचा जिवाणू फोफावतो. आतड्याचा दाह होण्याकडे कल असलेल्या उंदरांना त्यातून कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज) झाला. २०१३ मध्ये डुकरांना खोबरेलाचं जेवण दिल्यावर रक्तात एंडोटॉक्सिन (ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या थरातलं विष) वाढलं, माशाच्या तेलाने कमी राहिलं. उलट बाजूही सांगायला हवी. २०१६ च्या प्रयोगात खोबरेल खाणाऱ्या उंदरांच्या आतड्यात कॅन्डिडा ही बुरशी गोमांसाची चरबी खाणाऱ्यांपेक्षा खूपच कमी आढळली. म्हणजे बुरशीबाबत आशा आहे, पण उंदरात.

उंदरांच्या बातम्या वाचताना एक सापळा सांभाळा. उंदीर लठ्ठ करायला जो प्रमाणित आहार वापरतात त्यातल्या एका जुन्या प्रकारात चरबी हायड्रोजनेटेड खोबरेलाची असते आणि कॅलरींपैकी ५८ टक्के चरबीतून येतात. "खोबरेलाने लठ्ठपणा" आणि "खोबरेलाने चरबी घटली" हे दोन्ही मथळे एकाच आठवड्यात दिसतात ते यामुळे. तेल कोणतं, किती टक्के, आणि कशाच्या तुलनेत, एवढं पाहिल्याशिवाय पुढे ढकलू नये.

मोनोलॉरिनच्या गोळ्यांना खोबरेलाचा "अर्क" समजून घेणारेही गटात निघतील. तो पायसकारी (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा) पदार्थ आहे. उंदरांना तो दिल्यावर जिवाणूंची घडी बिघडली आणि सौम्य दाह दिसला. गोळ्यांची शिफारस पत्रकात नको.

आता काय लिहावं. अर्धी वाटी खवलेला ओला नारळ, साधारण ४० ग्रॅम. त्यात १३ ग्रॅमच्या आसपास चरबी, म्हणजे एका मोठ्या चमचा खोबरेलाइतकीच, शिवाय साडेतीन ग्रॅम तंतू. कॅलरी १४०. चरबी तीच घ्यायची असेल तर ती नारळातून घ्या, हे कोकणात सांगायला सोपं आहे. मात्र सोलकढीसाठी रस पिळून चोथा टाकला की तंतू गेला कोंबड्यांना आणि चरबी राहिली वाटीत. तो चोथा मंद आचेवर कोरडा परतून सुक्या चटणीत घालता येतो किंवा थालीपिठाच्या भाजणीत मळता येतो. नारळाचा तंतू बहुतांश न विरघळणारा असतो, जिवाणू तो हळू कुरतडतात. त्याच्या जोडीला कुळीथ, चवळी, वाल हवेतच.

---

माडाचा_माणूस

वरचे प्रतिसाद चांगले आहेत, पण सूर एकतर्फी वाटतो. केरळात हृदयविकाराच्या २०० रुग्णांवर दोन वर्षं चाललेला प्रयोग आहे, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला. एका गटाला खोबरेल, एकाला सूर्यफूल. लिपिडमध्ये (रक्तातल्या चरबीत) फरक नाही, हृदयाच्या घटनांतही नाही. शिवाय प्रशांत महासागरातल्या पुकापुका आणि टोकेलाऊ बेटांवरचे लोक, टोकेलाऊत तर ६३ टक्के ऊर्जा नारळातून, आणि हृदयविकार विरळ. मग चौथा दावा इतका चुकीचा कसा?

---

स्निग्धरसायन

रास्त मुद्दा. त्या रुग्णांचे नेहमीचे उपचार चालू होते, त्यात स्टॅटिनही (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध). स्टॅटिन यकृताला एलडीएल ("वाईट" कोलेस्टेरॉल) ओढून घ्यायला लावतं आणि संपृक्त चरबी नेमकी ती ओढ कमी करते. एका बाजूने औषध ढकलत असताना तेलाचा धक्का दिसेनासा होऊ शकतो. त्या प्रयोगावरून "उपचार घेणाऱ्या रुग्णाने मर्यादेत खोबरेल वापरलं तर आभाळ कोसळत नाही" एवढं म्हणता येतं, आणि ते मला मान्य आहे.

बेटांवरची मंडळी नारळ खात होती, मासे खात होती आणि दिवसभर राबत होती. बाटलीतलं तेल पीत नव्हती. आणि १९८१ च्या त्याच नोंदीत टोकेलाऊकरांचं कोलेस्टेरॉल, पुकापुकाकरांपेक्षा (नारळातून ३४ टक्के ऊर्जा) ३५ ते ४० मिलिग्रॅमने जास्त होतं. तो भाग फॉरवर्डमध्ये कापलेला असतो.

सगळे मिळून बघायचं तर २०२० मधलं १६ प्रयोगांचं एकत्रीकरण घ्या. शेंगदाणा, सोयाबीन, ऑलिव्ह अशा तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सरासरी १०.५ मिलिग्रॅमने वाढलं, एचडीएल ("चांगलं" कोलेस्टेरॉल) ४ ने. विरुद्ध बाजूचा प्रयोगही आहे. इंग्लंडमध्ये ५० ते ७५ वयाच्या लोकांना चार आठवडे रोज ५० ग्रॅम व्हर्जिन खोबरेल दिलं, तर एलडीएल ऑलिव्हच्या बरोबरीने राहिलं आणि लोण्यापेक्षा कमी. म्हणून मी पत्रकात असं लिहीन: लोण्या-वनस्पतीपेक्षा बरं, शेंगदाणा-तिळापेक्षा नाही.

"चांगलंच वाढतं" हे रिपोर्टवर कसं दिसतं ते बघा. समजा आधी एकूण २१०, एचडीएल ४८, ट्रायग्लिसराइड १५०. एलडीएल = २१० − ४८ − (१५० ÷ ५) = १३२. तेल सुरू केल्यावर एकूण २२८, एचडीएल ५२, ट्रायग्लिसराइड तेच. एलडीएल = २२८ − ५२ − ३० = १४६. माणूस ५२ वर बोट ठेवून खूश होतो, १४ ने वाढलेली ओळ वाचतच नाही. एकूणातून एचडीएल वजा करा, १६२ चे १७६ झाले. हा शेवटचा आकडा जास्त भरवशाचा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर वरचं सूत्र मोडतं, तिथे एलडीएल थेट मोजून घ्यावं लागतं.

तपासणी तेल बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी, त्याच प्रयोगशाळेत. एकाच माणसाचं एलडीएल कारण नसतानाही थोडं वरखाली होतं, म्हणून एका रिपोर्टवर निकाल देऊ नका.

---

पत्रकवाली_कुडाळ

खूपच उपयोगी. दोन राहिलं. माप एका ओळीत कसं सांगू? आणि भातात खोबरेल घालून थंड केला की कॅलरी निम्म्या होतात, हेही फिरतंय.

---

आतडेशास्त्र

माप: राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २,००० कॅलरींच्या ताटात दिवसभराचं सगळं तेल-तूप २७ ग्रॅम धरलंय, म्हणजे दोनच मोठे चमचे. त्यातला एक खोबरेलाचा, एक शेंगदाणा किंवा तिळाचा. एका चमचा खोबरेलात ११-१२ ग्रॅम संपृक्त चरबी येते आणि दिवसाची मर्यादा २२ च्या आसपास. वाटणात नारळ ज्या दिवशी भरपूर, त्या दिवशी फोडणी दुसऱ्या तेलाची. सगळंच तेल खोबरेलाचं केलं तर लिनोलेइक आम्ल तुटीत जातं. तारली-बांगडा ताटात असेल तर ओमेगा-३ ची बाजू सांभाळली जाते.

भाताची गोष्ट २०१५ ची, श्रीलंकेची. उकळत्या पाण्यात तांदळाच्या वजनाच्या ३ टक्के खोबरेल, मग तांदूळ, शिजल्यावर फ्रीजमध्ये १२ तास. त्यांच्या सर्वांत चांगल्या वाणात कॅलरी १० ते १२ टक्क्यांनी घटल्या. निम्म्या होण्याची आशा होती, मोजमाप नव्हतं. थंड झाल्यावर अमायलोज (भातातल्या स्टार्चचा एक प्रकार) पुन्हा घट्ट बांधलं जातं, त्यामुळे पिठूळ भाग पचायला अवघड होतो आणि मोठ्या आतड्यात जिवाणूंच्या हाती लागतो. या अख्ख्या धाग्यात जिवाणूंना खरोखर काही खायला मिळालं ते इथेच, आणि तेही तेलापेक्षा थंड करण्याने. अमायलोजच्या वळणात सुटं मेदाम्ल बसतं, अख्खं ट्रायग्लिसराइड नीट बसत नाही. तेल न घालताही बराचसा फायदा मिळतो. गरम केल्यावर तो सगळा जात नाही.

मात्र भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फ्रीजमध्ये टाकायचा नाही. बॅसिलस सेरियसचे बीजाणू शिजवून मरत नाहीत, आणि त्याचं उलटीचं विष पुन्हा तापवूनही जात नाही. परातीत पसरून तासाभरात फ्रीजमध्ये.

---

वॉर्डातला_डाएट

उशिरा लिहितोय, पण हे ठळक अक्षरात टाका. दुधासारखी पांढरी लघवी (हत्तीरोगानंतरची कायल्युरिया), छातीत साचलेला लसिकेचा द्रव, लसिकावाहिन्यांचे आजार: यांत डॉक्टर "एमसीटी तेल" लिहितात, कारण लसिकेच्या वाटेवरचा भार कमी करायचा असतो. घरचे "खोबरेल म्हणजे एमसीटीच" म्हणून स्वस्तात खोबरेल देतात आणि गळती वाढते. वर म्हटलंय तसं लॉरिक लसिकेतूनच जातं. उलट ज्या बाळाला जन्मजात एमसीएडी विकराची (मध्यम साखळीची मेदाम्लं जाळायला लागणाऱ्या) कमतरता आहे त्याला एमसीटी धोक्याचं, आणि खोबरेलही.

पित्ताशयात खडे असणाऱ्याने उपाशीपोटी दोन चमचे तेल पिणं म्हणजे पित्ताशय मुद्दाम पिळणं. बरगडीखाली उजवीकडे कळ आली तर ती "विषारी द्रव्यं बाहेर पडतायत" म्हणून सहन करायची नसते. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल किंवा स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, तर हा प्रयोगच नाही. पित्ताशय काढलेल्यांना पातळ जुलाब लागू शकतात, कारण पित्तक्षार मोठ्या आतड्यात जास्त उतरतात.

ज्यांना खरंच एमसीटी दिलंय त्यांनी ५ ग्रॅमपासून, जेवणासोबत, दोन-तीन दिवसांनी वाढवत जावं. एकदम २५ ग्रॅम घेतलं की मुरडा ठरलेला. आणि त्या तेलात तळण नको, लवकर धुरतं. भातावर किंवा वरणात शेवटी सोडायचं.